दादाच्या उंबऱ्याचं माप

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी भूमापन, सध्या कुंड्यांवर देखरेख, राहणार नळाच्या गल्लीत, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. भाचीला तो पुरेसा वाटत नाही, पण तिला काहीच पुरेसं वाटत नाही.

कलम १. घर आणि घरातलं सामान भाचीला. वरच्या खोलीची खिडकी बुजवून तिथे कपाट करू नये. तिथून सगळी गल्ली दिसते आणि ती मी आखलेली आहे.

कलम २. मोजणीची फीत, तिपाई आणि हातोडा नगर कार्यालयाच्या आराखडा विभागाला. तिथल्या मोठ्या साहेबांना मात्र हात लावू देऊ नये. लढाई थांबली आणि वीस वर्षं ओस पडलेलं हे गाव पुन्हा वसवायचं ठरलं, तेव्हा या साहेबांनी सरळसोट चौकोन आखून आणले होते, जसं काही इथे कधी कोणी राहिलंच नव्हतं. मी हट्टाला पेटले. परतणाऱ्यांना विचारून जुन्याच गल्ल्या आखायच्या, असं ठरवून घेतलं. ढिगाऱ्यांत खूण म्हणून फक्त नळ उभा होता. नळापासून दार किती पावलं, हे मी प्रत्येक घराबद्दल विचारायचे. दोन शेजाऱ्यांचं सांगणं जुळलं की खुंटी ठोकायची, मग तिसरा कितीही ओरडू दे. अडीचशे घरं अशी उभी राहिली. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा मला अजून फार बरं वाटतं.

कलम ३. परसातली अर्धी जागा माझ्या थोरल्या भावाला, सुतारकामाच्या कारखान्यासाठी. याचं कारण लिहिणं भाग आहे.

लढाईआधी दादाने इथे घर केलं तेव्हा मी परगावी नोकरीला होते, ते घर मी पाहिलंच नव्हतं. त्याच्यासाठी साक्ष दिली शिंप्याने आणि त्याच्या बहिणीने. नळापासून चाळीस पावलं, दोघंही ठाम. मी चाळीस पावलं चालले आणि खुंटी ठोकली. दादा म्हणाला, "अगं, माझा उंबरा बराच अलीकडे होता. इथे तर ओढा आहे." मी चारचौघांत त्याला सुनावलं, "दोघांविरुद्ध एक. नियम सगळ्यांना सारखा." ओढ्याकाठी कारखान्याला जागा उरेना. तो गेला, तो नऊ वर्षं फिरकला नाही. भावालाही सूट दिली नाही म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली आणि मीही शेफारले.

गेल्या वर्षी पाइपसाठी रस्ता खणला, तेव्हा दगडी उंबरा वर आला, दादाने ठोकलेल्या पितळी पट्टीसकट. माझ्या पावलांनी नळापासून अठ्ठावीस. मी तडक शिंप्याकडे जाऊन वय विचारलं. सगळे गाव सोडून पळाले तेव्हा शिंपी आठ वर्षांचा होता आणि बहीण सहाची. बिचारे खरंच सांगत होते. पावलं मुलांची होती आणि चालले मी. बाकी घरांना मोठ्यांची साक्ष होती, म्हणून ती वाचली.

दादा, चूक माझी होती आणि तू बरोबर होतास. मला तुझी रोज आठवण येते.

कलम ४. मूळ नकाशात खाडाखोड करू नये. बाजूला लाल शाईने खरी जागा लिहावी, म्हणजे पुढच्यांना चूक कशी होते ते कळेल.

पुरवणी. असल्या गोष्टी मेल्यावर सांगतात का, असं वकिलांनी मला टोचलं. म्हणून मसुदा दादाला पाठवला. आज तो स्वतःच आला. उभ्याउभ्या दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि साक्षीदाराची सही करायला पेन मागितलं. वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही.

"मग माझं कलम खोडा," दादा म्हणाला. "जागा नको मला. त्या वेळी माझी साक्ष हिने धरली नव्हती. आज धरू दे."

मला रडू आवरेना. कलम ३ मधली जागा खोडली, कारण मात्र तसंच ठेवलं. मग मी ती जागा बक्षीसपत्राने आजच दादाच्या नावे केली. माझ्या मरणाची वाट कशाला बघायची? वकील कपाळाला हात लावून दुसरा कागद करायला बसले.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. अकरा मार्च, मंगळवार.

लिहून देणार: फीतवाल्या बाई (सही)

साक्षीदार पहिला: शिंपी (सही, वाकडी आहे, तरी ती त्याचीच आहे)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, सुतार, आजपासून राहणार शेजारी (सही)