आलेखाची डावी बाजू

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३, नाशिक

लग्नामुळे दहावीनंतर सुटलेलं गणित मी सध्या अकरावीतल्या पल्लवीबरोबर शिकतेय. आज मळ्यातून आल्यावर दोघी y = x² चा आलेख काढत होतो. उजवी बाजू छान वर गेली, पण डावी सारखी खालीच. कॅल्क्युलेटर उणे दोनचा वर्ग उणे चार दाखवत होता; हे चुकतंय, असं मी म्हटलं.

"आई, कॅल्क्युलेटर चुकत नसतो. तुला नाही कळायचं," पल्लवी म्हणाली. लागलं जरा. पण उणे दोनचा वर्ग उणे चार कसा येईल? उणे गुणिले उणे म्हणजे अधिकच ना? मी उणे दोन कंसात घालून वर्गाचं बटण दाबलं. आले चार. मग डावी बाजूही झोकात वर गेली.

पल्लवी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "उद्याही बसशील ना माझ्याबरोबर?"

बसणार म्हणजे बसणारच. भाकऱ्यांचं तिचे बाबा बघतील.