चित्र दोन सेकंद मागे

सोमवार, २ मार्च. सकाळी ७.१०

नवा लॅपटॉप आला. जुना सात वर्षांचा होता, कॉल लावला की घरघरायला लागायचा. ती कटकट संपली.

उद्देश एकच, तो इथे स्वच्छ लिहून ठेवतो. दर रविवारचा लेकीशी होणारा व्हिडिओ कॉल सुधारायचा. कॉल सुधारला की बोलणं सुधारेल. बोलणं सुधारलं की ती ठमीला घेऊन एप्रिलमध्ये महिनाभर राहायला येईल. गेल्या वर्षी आली नाही. माझी नात साडेचार वर्षांची झाली आणि आजवर मी तिला प्रत्यक्ष पाहिलं ते एकोणीस दिवस. मोजलेत.

तिकिटं २२ तारखेपर्यंत काढायला हवीत. हाताशी तीन रविवार. भरपूर.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.४०

मोठा मॉनिटर जोडला. त्याच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कॅमेरा आहे. नव्या लॅपटॉपला भोकं दोनच, आणि तीही बारीक. जुन्याला पाच होती. याला म्हणे प्रगती! एका भोकात चार्जर, दुसऱ्यात जुना हब. हबमध्ये मॉनिटर, त्याच्या कॅमेऱ्याची केबल, कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि टेबलावरचा चिमुकला पंखा. सगळे गुण्यागोविंदाने बसले.

चाचणी: कॅमेऱ्यासमोर हात हलवला. स्क्रीनवरचा मी नुसता बघत राहिलो. मग त्याने हात हलवला. तोवर मी चहाचा कप उचलला होता. फरक दोन सेकंदांचा.

ही म्हणाली, लॅपटॉपला स्वतःचा कॅमेरा आहे ना, तो लावा. मी समजावलं की त्यात मी नाकपुड्यांपासून सुरू होतो, आणि शिवाय प्रश्न तत्त्वाचा आहे. ती बरं म्हणाली. ही बरं म्हणते तेव्हा तिला पटलेलं असतं.

पंपाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तपासणी खात्यात काढली, निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. पण पद्धत तीच. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलाची नोंद. आणि दोष माणसात शोधायचा नाही, यंत्रणेत शोधायचा. ही पाटी खात्याच्या भिंतीवर मीच लावली होती.

मंगळवार, ३ मार्च. संध्याकाळ

ड्रायव्हर अपडेट केला. फरक नाही. मग रिझोल्यूशन उतरवलं, अँटिव्हायरस बंद केला, राउटर कपाटावरून खिडकीत आणला आणि खिडकीचा पडदा काढला. चारही बदल एकाच दिशेचे, म्हणून एकच धरला.

आता मी दोन सेकंद उशिरा आणि धूसर दिसतो. स्वयंपाकघरात हिच्या मोबाइलला वाय-फाय मिळेना. तिने नाक मुरडलं.

गुरुवार, ५ मार्च. दुपारी १.३०

मॉनिटरच्या कंपनीला फोन. पन्नास मिनिटं. पलीकडची बाई म्हणाली, लॅपटॉपवाल्यांना विचारा. लॅपटॉपवाले म्हणाले, मॉनिटरवाल्यांना विचारा. शेवटी दोघांनीही विचारलं, रीस्टार्ट करून पाहिलंत का. मी अठ्ठावीस वर्षं कुठे होतो ते दोघांना सविस्तर सांगितलं. फोन तिकडून कट झाला. लाइन खराब असावी.

शनिवार, ७ मार्च. संध्याकाळ

उद्या पहिला कॉल. संकल्प: जावयाबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी लेकीने बँकेतली पक्की नोकरी सोडली आणि नवऱ्याबरोबर लाकडी खेळणी बनवायचं काम सुरू केलं. मी त्यांना सुतारसाहेब म्हणतो, कौतुकाने. या विषयावर माझं मत मी एकदाच मांडलं होतं, तेही त्यांच्याच घरी, त्यांच्याच टेबलावर बसून, पाऊण तासात. त्यानंतर मी चकार शब्द काढलेला नाही. काढला असेल तर तो ओघात.

रविवार, ८ मार्च. दुपारी १२

कॉल झाला. एकंदरीत चांगला.

निरीक्षणासाठी माझं चित्र मोठं करून ठेवलं होतं, लेकीचं कोपऱ्यात. सुरुवातीची दहा मिनिटं मी कॅमेऱ्याबद्दल माहिती दिली. सुट्टीचा विषय काढणार एवढ्यात ती म्हणाली, बाबा, तुमचं चित्र अडकलंय. बघतो तर खरंच. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. कोपऱ्यात पाहिलं तर तीही हलत नव्हती. म्हणजे दोन्हीकडचं अडकलं.

रिकामा वेळ वाया का घालवावा, म्हणून हिच्याशी जरा मोकळेपणाने बोललो. म्हटलं, सुताराने आयुष्यभर ठोकत बसावं, माझी ना नाही, पण माझ्या हुशार पोरीचं वाटोळं केलं त्याने. निदान ठमीला तरी इथे आणून ठेवू, माणसात वाढेल. हिने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. बऱ्याच दिवसांनी.

मग माझं चित्र सुरू झालं. लेकही हलली. म्हणाली, दूध उतू जातंय, ठेवते.

सुट्टीचं राहिलं. पण यंत्रणा अडकली त्याला मी काय करणार!

सोमवार, ९ मार्च. सकाळी ८

ही काल संध्याकाळपासून मूग गिळून बसली होती. आज चहा देताना म्हणाली, तिने ऐकलं असणार. मी विचारलं, कसं ऐकणार? चित्र बंद म्हणजे आवाज बंद. दोन्ही एकाच तारेतून जातात. तिने विचारलं, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे का? आता हिला पंप आणि पाइप यातला फरक मी लग्नानंतर शिकवला. मी नुसता हसलो.

ती बरं म्हणाली.

बुधवार, ११ मार्च

हबच्या बाजूला एक टेबल-लॅम्प लावला. कॅमेऱ्याला उजेड कमी पडत असावा. आता मी उजळ दिसतो. दोन सेकंदांनी.

लेकीला मेसेज पाठवला: एप्रिलचं काय ठरलं? निळी खूण आली. उत्तर नाही. कामात असेल. हिच्याशी मात्र फोनवर बोलते. ही गॅलरीत जाऊन दार ओढून घेते, उन्हाच्या वेळीसुद्धा. अर्ध्या तासाने आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, ऊन होतं.

रविवार, १५ मार्च. दुपारी १२.१५

दुसरा कॉल. नऊ मिनिटं.

लेक बोलली, पण मोजून. मी काही विचारलं की मध्ये मोठा खंड. सहा सेकंद. एकदा घड्याळ लावून पाहिलं, अकरा. म्हणजे बिघाड वाढतोय. ताबडतोब छडा लावायला हवा.

सुतारसाहेब मागून गेले. नेहमी नमस्कार करतात, आज केला नाही. केला असेल तर तो पोचला नाही.

एप्रिलचं विचारलं. खंड. मग ती म्हणाली, बघू. मी हिच्याकडे पाहून अंगठा दाखवला. बघू म्हणजे जवळजवळ हो.

ठमी आली होती. तिने विचारलं, आजोबा, मी माणसात नाही का? मी विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, मग मी कुठे वाढते? लेकीने तिला उचलून आत नेलं. काय डोकं आहे पोरीचं! एवढ्या वयात असा शब्द कुठून उचलला कोण जाणे. आमच्या घराण्यात बोलण्याची ताकद आहेच, ती तिच्यात उतरली.

बुधवार, १८ मार्च. सकाळी १०.२०

हिने मला न विचारता खालच्या दुकानातली कॉम्प्युटरवाली बोलावली. मी म्हटलं, बघू दे, माझ्या नोंदी तिला उपयोगी पडतील. वही समोर ठेवली. तिने ती बाजूला सरकवली आणि टेबलाखाली वाकली.

चार मिनिटं. हबमधून पंखा आणि प्रिंटर काढले. कॅमेऱ्याची केबलही काढली, चार्जरच्या भोकात दुसरी बारीक तोंडाची केबल लावून मॉनिटर थेट लॅपटॉपला जोडला; चार्जिंगही आता त्यातूनच. म्हणाली, एवढ्याशा हबवर एवढी वस्ती, कॅमेऱ्याला वाट कुठून मिळणार? हात हलवला. स्क्रीनवरच्या माणसानेही त्याच क्षणी हलवला. मी स्वतःला इतकं वेळेवर कधी पाहिलं नव्हतं.

मी आनंदाने म्हटलं, चला, आता माझं बोलणंही लेकीला वेळेवर पोचेल. ती पिशवी भरत म्हणाली, बोलणं कधीच उशिरा गेलेलं नाही, काका. आवाज या कॅमेऱ्यातून जातच नाही, लॅपटॉपच्या माइकमधून जातो. तो पहिल्यापासून व्यवस्थित आहे. मी विचारलं, पण समोरचं माणूस अडकायचं त्याचं काय? ती म्हणाली, तुमचं चित्र अडकेल. त्यांचं या हबमुळे कसं अडकेल?

ही दारातच उभी होती.

त्याच दिवशी, दुपारी ४

जेवलो नाही. भूक नव्हती.

म्हणजे आठ तारखेला लेक अडकली नव्हती. ती नुसती बसून होती.

आणि ठमी खोलीतच होती.

गुरुवार, १९ मार्च

कॉम्प्युटरवालीचं वय तिशीच्या आत. अनुभव किती असणार? दुसरं कोणाला तरी दाखवायला हवं.

नको. तिचं बरोबर आहे. काल संध्याकाळी मी हिच्या फोनवर कॉल लावून, कॅमेऱ्यावर रुमाल टाकून, लॅपटॉपसमोर बोलून पाहिलं. ही शेजारच्या खोलीत फोन धरून उभी होती. मी म्हटलं, वाटोळं. ती आतून म्हणाली, आलं ऐकू.

फार वाईट वाटतंय. हे लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे.

शुक्रवार, २० मार्च. सकाळ

कामाला लागलो. अपॉलॉजी नीट मुद्देसूद हवी. कारखान्यात तक्रार आली की आम्ही जो कागद भरायचो त्याच नमुन्यात लिहिली: घटना, कारण, उपाय.

घटना: दि. ८ रोजी वडिलांकडून काही उद्गार निघाले.
कारण: हबवरील भार.
उपाय: केबल बदलली.

हिला वाचून दाखवली. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, अहो, कारणाच्या पुढे हब काय लिहिता? मग काय लिहू विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला माहीत आहे.

हब खोडला. तिथे अजून काही लिहिलेलं नाही.

शनिवार, २१ मार्च. संध्याकाळी ७

कारण: मला भीती वाटली की तिला आता माझी गरज नाही.

हे लिहिलं आणि लगेच खोडलं. वाचता येतंय अजून. दोन ओळींचं काम आहे, त्यात काय एवढं? उद्या पहिल्या मिनिटाला सांगून टाकायचं. जावयालाही समोर बोलवायचं. ठमीला सांगायचं की आजोबा मूर्खासारखं बोलले. कॅमेरा, केबल, हब यातलं एक अक्षर काढायचं नाही. संकल्प पक्का.

दाढी करून ठेवली. सकाळी परत करीन.

रविवार, २२ मार्च. दुपारी १२.४०

कॉल झाला.

चित्र अतिशय स्वच्छ. लेकीच्या मागच्या फळीवरचे लाकडी घोडे मोजता येत होते, चौदा. जावई तिच्या शेजारी येऊन बसले होते, हात पुसून. मी बोलवायच्या आधीच.

मी म्हटलं, दिसतोय का नीट? लेक म्हणाली, हो, दिसताय. मग मी कसा दिसतोय, आधी का दिसत नव्हतो, एका हबवर किती भार टाकावा, याविषयी बोललो. बारा मिनिटं. मध्ये कुणी अडवलं नाही. हिने टेबलाखाली हात दाबला, दोनदा. मी प्रिंटरवर आलो.

लेक म्हणाली, बाबा, अजून काही सांगायचंय का?

कागद समोरच होता. खंड पडला. या वेळी तो माझ्याकडून होता. ती वाट बघत होती, आणि चित्र इतकं स्वच्छ की ती वाट बघतेय हे मला अगदी नीट दिसत होतं. मी म्हटलं, नाही, बाकी सगळं ठीक.

मग ती म्हणाली की एप्रिलमध्ये ते तिच्या नणंदेकडे जाणार आहेत. तिकिटं काढली. मी म्हटलं, उत्तम, ठमीला बदल होईल. ठमी कॅमेऱ्यासमोर आली नाही. दाराआडून तिचा एक पाय दिसत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.३०

ही गॅलरीत, दार ओढून. लेकीशीच बोलतेय. मला बोलावलेलं नाही.

विचार केला आणि चूक सापडली. असलं बोलणं व्हिडिओवर होत नाही. माणूस समोर दिसलं की बोलणं केबलवर घसरतं. साधा फोन हवा, त्यात नुसता आवाज. हिचं झालं की मी माझ्या फोनवरून लावणार आणि पहिल्या वाक्यात सांगून टाकणार. कागदाचीही गरज नाही, पाठ आहे.

सहा वाजता

हिचं झालं. आत येऊन म्हणाली, ती अजून मोकळी आहे, लावा.

फोन हातात घेतला. बॅटरी चौसष्ट टक्के. एवढ्यावर असा विषय काढणं बरं नाही. चार्जिंगला लावलाय.