मी नावेत बसणार नाही

कोल्हार,
मंगळवार, दुपार

प्रिय रंगादादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. वैतागून अर्धी झालेय ती एकटी मी. फोनच करणार होते, पण धरणाचं नाव काढलं की तुझ्या फोनची रेंज जाते हे मला आता पाठ झालंय. म्हणून नातीच्या वहीतले कागद फाडून बसलेय. हे काष्टीच्या बाजारात उभ्या उभ्या वाचू नकोस. घरी जा, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या दाजींनी सहल काढलीय. कुठं, तर आपल्या धरणात. तिथं आता नावेतून फिरवतात, काठावर भला मोठा फलक लावलाय, ‘ऐतिहासिक बेटांची सफर’. बेटं कोणती विचार. एक आपली खंडोबाची टेकडी आणि दुसरी गढीची. सगळं वडदरी गाव पाण्याखाली गेलं, हे दोन शेंडे तेवढे वर राहिले, तर ती बेटं झाली. नातवानं, ओंकारनं, मोबाईलवर दाखवलं, गढीवर म्हणे सरदाराची राणी संध्याकाळी हवा खायला यायची. आपल्या वेळी तिथं तुझी शेरडं बसायची, आणि मी सीताफळं काढायला चढले की तू खालून खडे मारायचास. राणी आपण तरी कधी पाहिली नाही.

दाजींना तू ओळखतोस. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण डोक्यातला स्टँड काही बंद झाला नाही. रविवारी जायचंय, तर गेले पंधरा दिवस घरात वेळापत्रक चाललंय. सहाला चहा, सहा वीसला प्रस्थान, आठ पाचला खंडोबाचं बेट, थांबा पंचवीस मिनिटं. जिथं आपण जन्मलो तिथं पंचवीस मिनिटं दादा, आणि नाष्ट्याला चाळीस. तक्ता लाल-निळ्या पेनानं काढून फ्रिजवर चिकटवलाय. दूध काढायला फ्रिज उघडला तरी म्हणतात, कागदाला हात लावू नकोस.

नाव बारा माणसांची आणि ह्यांनी बोलावलीत एकोणीस. नाववाल्या कानिफनाथला फोन करून विचारलं, उभ्यानं किती घेता. तो बिचारा म्हणाला, काका, ही यष्टी न्हाई, नाव हाय. मग दोन खेपा ठरल्या. आता पहिल्या खेपेत कोण यावरून रुसवेफुगवे. आमच्या नणंदबाई, बनाबाई, त्यांना पुढची जागा पाहिजे, पण ते फुगीर जाकीट घालायचं नाही. म्हणतात, त्यात शिरले तर पदर कुठं घिऊ. सूनबाईंचं वेगळंच. निकिताला सगळ्या बायका पिवळ्या साडीत पाहिजेत, फोटोत पाण्यावर उठून दिसतात म्हणे. डब्यात काय न्यायचं हे तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. धपाटे म्हटलं तर पोरं नाकं मुरडतात, पावभाजी म्हटलं तर ह्यांचं पित्त उठतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं जो तो येऊन माझ्याच नावानं बोटं मोडतो.

कारण मी सांगून टाकलंय, मी नावेत बसणार नाही.

झालं. घरात तेव्हापासून एकच चर्चा, आजी पाण्याला भिते. निकिता मला जाकिटाचे व्हिडिओ दाखवते. राजनंदिनी नऊ वर्षांची, ती म्हणते, आजी मी तुझा हात सोडणार नाही. बनाबाई तर शनिशिंगणापूरला तेल वाहून यायला निघाल्या होत्या, माझी भीती जावी म्हणून. मी पाण्याला भिते म्हणे. नदीच्या डोहात म्हशीच्या शेपटीला धरून कोण पोहायचं, हे ह्यांना कोण सांगणार. तुला सांगता आलं असतं, पण तुझी रेंज गेलेली.

खरं सांगू का दादा, मला जायचंय. फार जायचंय. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायच्या ठरल्यात, जूनची तारीख मिळालीय. डॉक्टर म्हणाले, नंतर बरेच महिने पायऱ्यांचं नाव काढायचं नाही. आणि पाणी उतरतं ते फक्त मे महिन्यात. कानिफनाथ सांगत होता, यंदा खंडोबाच्या अकरा पायऱ्या उघड्या पडल्यात. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं मला तिथं पाया पडायला नेलं होतं, सगळ्यात खालच्या पायरीवर बसून ती रडली होती. ती पायरी उघडी पडलीय का, एवढं मला बघायचंय. पुढच्या मे महिन्यात हे पाय असतील नसतील, मी असेन नसेन. आत्ता अकरा पायऱ्या चढायला मी बसत बसत का होईना चढेन. तरी मी नाही म्हणतेय, आणि का म्हणतेय ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसतील, नाहीतर लगेच तक्त्यात बसवतील.

त्रेपन्न वर्षं झाली. वैशाखात मी वडदरीतून नवरी होऊन निघाले ती परत तिथं पाऊल टाकलेलं नाही. पुढं तुम्ही काष्टीला आलात, मी तिकडं आले गेले, आईच्या हातचं खाल्लं, बाळंतपणं केली. तिला माहेर म्हटलंच. पण वडदरीला मी लग्नानंतर एकदाही गेले नाही, आणि का गेले नाही ते तुला माहीत आहे.

पहिल्या पंचमीचं म्हणतेय मी. आपण दोघांनी त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही. तू जावयाच्या गोष्टी काढतोस, कांद्याचा भाव काढतोस, मीही काढते. आज मी बोलणार आहे.

मी सतरा वर्षांची होते. पंचमीच्या आधी आठ दिवस माझी ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. शेजारच्या सुना एकेक करून भावाबरोबर गेल्या. मी रस्ता बघून बघून डोळ्यांना पाणी आणलं. तू आलास पंचमीच्या दिवशीच, दुपारचा. मी आतून तुझा आवाज ऐकला आणि नवीन बांगड्या चढवल्या. तू ओसरीवर बसलास. सासूबाईंनी पुरणाची दिंडं वाढली, तू चार खाल्लीस. मामंजींशी पावसाच्या गप्पा मारल्यास. मग उठलास आणि म्हणालास, आईला बरं नाही, पुढच्या खेपेला न्यायला येतो. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. मी ट्रंकेपाशी उभी होते.

सासूबाईंनी तो विषय वर्षभर पुरवला. भाऊ आला, जेवला आणि बहिणीला ठेवून गेला, असला मुराळी कुठं बघितला नाही म्हणायच्या. मी धुणं धुताना तुला काय काय शिव्या दिल्यात त्या इथं लिहीत नाही. दिवाळीत कळलं. आपल्या गावचा एक माणूस बाजारात मामंजींना भेटला, त्यानं सांगितलं. धरणापायी गाव आषाढातच उठलं होतं. तुम्ही चार कुटुंबं एका शाळेच्या पडवीत गोणपाटं बांधून राहत होता. आई आजारी नव्हतीच. बहिणीला न्यायला घर नव्हतं, आणि ते तुला सासरच्या ओसरीवर सांगता येईना.

तुझी लाज मला कळली दादा. तेव्हाच कळली. पण माझा राग गेला नाही, आणि आज सत्तरीला आले तरी गेलेला नाही, हे तुला सांगायला मला आता लाज वाटत नाही. मी पडवीत झोपले असते. गोणपाटाच्या आड आईजवळ झोपले असते. तुला काय वाटलं, मला माहेरी छप्पर बघायला यायचं होतं? तू एकट्यानं ठरवून टाकलंस आणि चार दिंडं खाऊन निघून गेलास. तेवढ्यावर न थांबता पुढं सगळा जन्म त्या पाण्याकडं पाठ करून बसलास. नगरला निघालास तरी त्या बाजूचा रस्ता धरत नाहीस, हे वहिनींनी मला सांगितलंय.

आता रविवारचं सांग. लग्न झालेली पोर पहिल्यांदा माहेरी जाते ती मुराळ्याबरोबर जाते. सासरची एकोणीस माणसं घेऊन, तिकीट काढून, जाकीट घालून, पिवळ्या साडीत कोण माहेरी जातं? कुणी न्यायला आल्याशिवाय मी वडदरीला पाऊल टाकणार नाही. हट्ट म्हण, म्हातारचळ म्हण. ह्यांनी तक्त्यात माझं नाव अजून पेन्सिलनं ठेवलंय, खोडलेलं नाही. त्याच्याखाली एक जागा मी रिकामी ठेवायला लावलीय. कुणासाठी ते विचारलं, मी सांगितलं नाही.

तर पत्र ह्यासाठी लिहिलंय. शनिवारी ये. परस्पर धरणाच्या काठावर येऊ नकोस, घरी ये. ओसरी राहिली नाही, हॉलमध्ये बस. चहा घे, तुझ्या दाजींशी पावसाचं बोल, किती बोलायचं ते बोल. दिंडंही करते, पंचमी नसली म्हणून काय झालं. आणि मग सगळ्यांच्या देखत, बनाबाईंच्याही देखत, म्हण की मी राहीला न्यायला आलोय. घर नाही, गाव नाही, हे सगळं मला माहीत आहे. तरी म्हण.

तुझीच,
राही