तुळशीदासदादांचे नाव फळ्यावर

परळ, मुंबई
१७ एप्रिल १९८९

तीर्थरूप तुळशीदासदादांच्या चरणी परळहून गंगाधरचा नमस्कार पोचावा. रखमा तुम्हांला दादा म्हणायची म्हणून मीही म्हणतो. वयाने मी दोन वर्षांनी मोठा आहे, ते सोडून द्यावे. तुमचा गुडघा कसा आहे? काशीवहिनींचा दमा उन्हाळ्यात उतरतो असे इथले डॉक्टर म्हणतात (गिरणी बंद झाल्यापासून मी औषधांच्या दुकानात आहे, त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे फुकट ऐकू येते). आम्ही दोघे बरे आहोत. शांती भात छान करते. आमटी मी करतो आणि ती खाते, यावरून तिच्या स्वभावाची कल्पना यावी.

तुमचे पत्र मिळाले. सीतारामचे स्थळ चांगले आहे यात शंका नाही. मुलगा निर्व्यसनी, हापूसची चाळीस कलमे, घराला नवीन कौले. शांतीने पुढचे शिक्षण सोडावे एवढीच त्यांची अट, आणि रखमाला जाऊन वर्ष व्हायच्या आत लग्न उरकले पाहिजे, नाहीतर रीतीप्रमाणे तीन वर्षे थांबावे लागेल, हेही तुम्ही बरोबर लिहिले आहे. उलट टपाली होकार कळवा, सुपारी फोडतो, असे तुम्ही म्हणता. तेच लिहायला बसलो आहे. पण आधी एक हकीकत सांगायला हवी, कारण तिच्यात तुमचे नाव आले आहे.

शांती विद्यापीठात भाषाशास्त्र शिकते. मला इतके दिवस वाटत होते की हे इंग्रजीच असणार, जरा वरच्या दर्जाचे. एकदा जेवताना विचारले तर म्हणाली, जगातल्या सगळ्या भाषा. सगळ्या म्हणजे किती? म्हणाली, पाच-सहा हजार. मी भाताचा घास खाली ठेवला. एवढ्या पाठ कोणाला आहेत? तर म्हणे, “कोणालाच नाहीत, बाबा. म्हणून तर शिकायचं.” दादा, गिरणीत मी अठरा वर्षे हजेरी लिहिली, चार हजार माणसांची. मला वाटायचे, आपण पुष्कळ बघितले. आता ही सांगते की काही भाषा आजवर कोणी कागदावर उतरवल्याच नाहीत, आणि काहींची बोलणारी दोन-तीन म्हातारी माणसेच उरली आहेत. ती गेली की भाषा गेली. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे हेही मला पन्नाशीत कळले. (संपाच्या वेळी साहेबांशी बोलणी का फिसकटली याचा थोडा उलगडा झाला.)

तर तुमचे पत्र आले त्याच आठवड्यात तिच्या कांता मॅडमनी मला वर्गात बोलावले. आपली मालवणी बोलणारा अस्सल माणूस हवा होता. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि रस्ताभर काही बोललो नाही, न जाणो, अस्सलपणा वाटेतच संपायचा. वर्गात पंधरा मुले. एक जपानची मुलगी, एक टांझानियाचा उंच मुलगा, बाकीची आपलीच, पण दहा ठिकाणची. सगळी वह्या उघडून माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे इतके लक्ष आजवर फक्त दाताच्या डॉक्टरांनी दिले होते.

मॅडमनी आधी टेप लावली. दादा, ती रखमा होती. दोन वर्षांपूर्वी शांतीने आईला बोलते करून टेप भरली होती, मला माहीत नव्हते. रखमा मोरीचा मासा कसा साफ करायचा ते सांगत होती, मध्येच शांतीवर ओरडत होती, “अगो, ता यंत्र बाजूक कर, माश्याचा पाणी उडतला!” मुले हसली. जपानी मुलगी प्रत्येक शब्द लिहून घेत होती. शेवटी एका वाक्यावर टेप मागे नेऊन चारदा लावली. रखमाच्या जाण्यानंतर मी तो आवाज ऐकला नव्हता, आणि इथे परक्या मुलखातली पोरे तो जपून ठेवत होती. मी खिडकीकडे बघत बसलो.

मग मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही गाऱ्हाणे घालून दाखवा. देवासमोर कसे मागणे मागतात ते मुलांना ऐकू दे. मी म्हटले, उगाच घालता येत नाही, काहीतरी मागावे लागते. “मग मागा की!” त्यांनी मुलांना ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शिकवले. नमुना म्हणून दोन ओळी म्हणायच्या, एवढेच माझ्या मनात होते. पण तोंडातून निघाले ते असे: “बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या चेडवाचा जा काय शिकाप चालला हा ता पुरा होवंदे! मधी कोणाची आडकाठी येत असात तर ती दूर कर! तुळशीदासाक बुद्धी दी रे म्हाराजा!” आणि पंधरा जण, टांझानियासकट, एका सुरात गरजले, “व्हय म्हाराजा!” शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

शांतीने मान खाली घातली. मॅडमना मात्र फार आनंद झाला. त्यांनी ‘तुळशीदासाक’ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि मध्ये रेघ मारून तुमचे दोन तुकडे केले. तुमचा ‘क’ फार महत्त्वाचा आहे म्हणे. टांझानियाच्या मुलाने विचारले, तुळशीदास हा कोणत्या प्रकारचा देव? मी म्हटले, मेहुणा. त्याने ते लिहून घेतले.

तेव्हा तुमचे नाव न विचारता घेतल्याबद्दल माफी असावी. स्थळाबद्दल सविस्तर उत्तर खाली लिहितो.

तुमचा,
गंगाधर

ता. क. जागा संपली, म्हणून उत्तर थोडक्यात. मला नाही म्हणता येत नाही हे तुम्ही जाणताच.

ता. क. २ (२६ मे). तुमची दोन कार्डे आणि एक तार पोचली. तार आल्यावर चाळीत कोण गेले म्हणून सगळे धावत आले, त्यांना चहा द्यावा लागला. हे पत्र मी लिहून कपाटात ठेवले होते, टपालखात्याला बोल लावू नये. काल वैशाख वद्य पंचमीला रखमाचे वर्षश्राद्ध झाले. आता तीन वर्षे घरात लग्न नाही. रीत आहे, माझा इलाज नाही.

ता. क. ३. एक विनंती. पत्र कपाटात होते हे शांतीला माहीत नाही. मामानेच मन मोठे करून स्थळ परत पाठवले असे ती समजते, आणि काल रडत रडत तिने तुम्हांला चार पानी आभाराचे पत्र लिहिले. ते मिळाल्यावर ‘मी असे काही केले नाही’ म्हणू नका. ते मी आजच्या आज टाकतो आहे.