हवेलीतली ती बाई निर्दोष होती, आप्पा!

प्रिय आप्पा,

काल तुमचा दहावा झाला. रात्रीच नगरला, सावेडीच्या घरी परत आले आणि लिहायला बसले. तुम्ही असताना विचारायचं राहिलं, ते आता कागदाला विचारतेय.

आपल्या गावच्या जत्रेत, तुम्ही कामाला होतात त्या तंबूत लागलेला तो जुना इंग्रजी भुताचा सिनेमा आठवतो? साहेबाची हवेली, एकामागून एक पडणारे मुडदे आणि कंदील घेऊन फिरणारी म्हातारी मोलकरीण! इंग्रजी कुणाला कळणार? मशीन चालवता चालवता तुम्हीच भोंग्यावरून मराठीत गोष्ट सांगायचात. शेवटी पोलीस म्हातारीला मोटारीत घालायचे आणि तुम्ही ठणकावायचात, "बाई निर्दोष हाय! साक्षीला चाललीय. खुनी हाय त्यो पुतण्या!" पब्लिक टाळ्या पिटायचं.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात नवी नवी. चार शब्द इंग्रजी यायला लागलं आणि मला शिंगं फुटली. तंबूतल्या अंधारात ओरडले, "खोटं आहे! खून म्हातारीनंच केलेत!" लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी तंबूच्या मालकांनी भोंगा तुमच्याकडून काढून शाळेच्या मास्तरांच्या हातात दिला. एक थोबाडीत का नाही दिलीत मला? मला वाटलं, चूक पकडली म्हणून खजील झालात. पुढं कितीदा तरी ती गंमत पाहुण्यांना सांगितली मी, तुमच्यासमोर!

काल दहाव्याला शेवंतामावशी आल्या होत्या. गावाच्या कडेला एकट्या राहायच्या, लोक चेटकीण म्हणायचे, त्याच. माझा हात धरून म्हणाल्या, "पैल्या दिशी तुज्या बापानं खरी गोष्ट सांगितली. पोरं माज्याकडं बोट दावून 'ह्यीच ती कंदीलवाली' वरडाय लागली, दगडं मारली. दुसऱ्या दिसापासून त्यानं गोष्टच फिरवली. लोकं मला रामराम घालाय लागली. पन आंधारात कुनीतरी शिकल्याली पोरगी वरडली बग. पुन्यांदा दगडं सुरू. सोडलं मी गाव."

म्हणजे माझं नाव तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नाहीत! आणि त्यांच्यावर काय गुदरलं, ते मलाही नाही. इतकी वर्षं कसं पोटात ठेवलंत हो?

मी नुसती मान डोलावत बसले, आप्पा. भित्री कुठली!

त्या आता पारनेरला भाचीकडे असतात. उद्या पहिल्या एस.टी.नं जातेय. ती पोरगी मीच, हे त्यांना सांगणार. त्यांनी दार लावून घेतलं, तर बाहेर बसून सांगेन. शब्द देते तुम्हाला.

तुमची,
बेबी