बाकाची उजवी बाजू

२ सप्टेंबर
शाळा उघडली. मोठ्या बाईंनी मीटिंगमध्ये माध्यमिकच्या पहिल्या वर्षाचा प्रमुख म्हणून माझं नाव वाचलं. टाळ्या पडल्या. सायन्सवाल्याने वाजवल्या नाहीत. हातात चहाचा कप होता म्हणे.

उपमुख्याध्यापक या वर्षाअखेर रिटायर होताहेत. त्या खुर्चीचं काय, हे मोठ्या बाई बोलल्या नाहीत, पण बोलल्या नाहीत त्या माझ्याकडे बघत. मी सूचक हसलो.

आमची कन्याही यंदा प्राथमिक शाळा संपवून आमच्याच शाळेत आली. तिला बजावलंय, शाळेत मला पप्पा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. मान हलवली. हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

संकल्प: पहिल्या वर्षाचं एकही मूल मागे पडू द्यायचं नाही. रोज डायरी लिहायची. चहात साखर बंद.

५ सप्टेंबर
प्राथमिकवाल्यांच्या प्रगतिपुस्तकांवर माझा काडीचा विश्वास नाही. तिथे सगळीच मुलं गुणी. म्हणून आपली स्वतःची प्रवेश चाचणी घेणार. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर पर्यायावर ठिपका द्यायचा. कॉपी होऊ नये म्हणून दोन संच. बाकावर डावीकडे बसलेल्याला अ संच, उजवीकडे बसलेल्याला ब संच. प्रश्न तेच, क्रम वेगळा.

तपासायची युक्तीही माझीच. पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडायची आणि तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. भोकांतून जितके ठिपके दिसतील तितके मार्क. डोकं लावायचं कामच नाही.

साखर सोमवारपासून बंद.

७ सप्टेंबर
अ संचाचा पुठ्ठा कापून झाला. हिची नखं कापायची कात्री वापरली. कात्री गेली कामातून. ही बरंच काही बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. अंगठ्याला फोड आला. ब चा पुठ्ठा उद्या.

८ सप्टेंबर
फोड फुटला. ब चा पुठ्ठा उद्या.

११ सप्टेंबर
चाचणी शिस्तीत पार पडली. सगळा गठ्ठा घरी आणला आणि एका बैठकीत तपासून मोकळा झालो. पुठ्ठा ठेव, ठिपके मोज, पुठ्ठा उचल. सायन्सवाल्याला आठवडा लागला असता.

निकाल बघून मात्र सुन्न झालो. अर्धी मुलं ठीकठाक. उरलेली अर्धी भयानक. सगळी दहाच्या आसपास घुटमळताहेत. अज्ञानसुद्धा इतकं एकसारखं असतं हे नव्यानेच कळलं.

या दुसऱ्या अर्ध्यात सगळ्यांत वर एक पोरगा आहे. त्याने पेपर न वाचता सगळीकडे तिसऱ्या पर्यायावर ठिपका दिलाय. पोरं त्याला ढब्बू म्हणतात.

१२ सप्टेंबर
लिहवत नाही. कन्येला चाळीसपैकी आठ.

काल रात्री मी तो पेपर तीनदा पुठ्ठ्याखाली घातला. आठच. जेवताना विचारलं तर म्हणते, पप्पा, मला सगळे प्रश्न सोपे गेले होते. वर म्हणते, शेजारच्या मुलीचा पहिला प्रश्न वेगळा होता, माझा वेगळा होता, तुम्ही तपासताना बघितलंत ना. मी म्हटलं, स्वतःचं सोडून शेजारचीच्या पेपरात डोकावलीस हे आधी कबूल कर. मग रडली.

सबबी सांगणं हे कच्च्या मुलाचं पहिलं लक्षण. तसं नोंदवून ठेवलं.

१५ सप्टेंबर
मला एक शोध लागलाय. शांतपणे लिहितो.

निकाल आणि बैठकीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून बघत होतो. कच्ची मुलं झाडून सगळी बाकाच्या उजव्या बाजूला बसणारी आहेत. एकही अपवाद नाही. याआधी जगात कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. कारण उघड आहे. उजवीकडे दार, दारातून कॉरिडॉर दिसतो, येणारे-जाणारे दिसतात, लक्ष उडतं. बुद्धीचा ऱ्हास सुरू होतो.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. भारावल्या असणार. म्हणाल्या, यावर योजना करा.

२२ सप्टेंबर
योजना तयार. उजवीकडच्या मुलांचा वेगळा आधार वर्ग, जिन्याखालच्या खोलीत. तिला खिडकी नाही, त्यामुळे लक्ष उडायचा प्रश्नच मिटला. रोज शेवटचे दोन तास. त्या तासांना इतरांना प्रयोगशाळा आणि चित्रकला असते, पण कच्च्या मुलांना असली चैन कशाला?

गळ्यात पिवळं कार्ड. म्हणजे कुठल्याही शिक्षकाला लांबूनच कळेल की या मुलाला सोपा प्रश्न विचारायचा. कॉरिडॉरमध्ये प्रगतीची शिडी लावलीय. दर शुक्रवारी मुलाने स्वतःच्या नावाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने वर किंवा खाली सरकवायची, सगळ्यांसमोर. याने जबाबदारी येते.

वर्गाचा मॉनिटर ढब्बू. गटात पहिला आहे, हक्क आहे त्याचा.

२३ सप्टेंबर
कन्या पिवळं कार्ड दप्तरात लपवून शाळेत आली. मी सगळ्यांदेखत ते काढायला लावून गळ्यात घातलं. आपल्या मुलीला सूट दिली असं कोणी म्हणायला नको. घरी हिने माझ्याशी बोलणं टाकलं. तत्त्वासाठी किंमत मोजावी लागते.

१० ऑक्टोबर
गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, सर, तुमच्या मुलीने फळ्यावर अवघड गणित सोडवलं, ते पण दोन पद्धतींनी. तिचं काहीतरी चुकून पिवळं कार्ड आलंय का? मी हसलो. म्हटलं, बाई, अशा मुलांना कधीमधी लागून जातं. तुम्ही अवघड गणित दिलंतच कशाला? कार्ड दिसलं नाही का? बाई ओशाळल्या. आता नियमाने सोपी गणितं देतात.

कन्या घरी म्हणाली की आता गणिताच्या तासाला तिला बेरजा विचारतात. म्हटलं, मग सोडव की बेरजा.

३ नोव्हेंबर
आधार वर्गात नवी पद्धत. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाला एकेक खोटं कौतुक. तू किती हुशार आहेस, तुझं उत्तर मनातून बरोबरच होतं, वगैरे. कच्च्या मुलांचा आत्मविश्वास असाच वाढवावा लागतो, खऱ्याला वाव कुठे आहे? हे मी दारात उभा राहून नव्या शिक्षकांना समजावून सांगत होतो. मुलं आत लिहीत बसली होती, त्यामुळे व्यत्यय आला नाही.

कन्येची चिठ्ठी शिडीवर दोन पायऱ्या खाली आली. तिने स्वतःच सरकवली. मी सांगितलंही नव्हतं. जबाबदारी येतेय.

साखरेचं बघू.

१४ जानेवारी
विभागाच्या शिक्षक परिषदेत माझा निबंध: 'बाकाची उजवी बाजू आणि बौद्धिक ऱ्हास'. टाळ्यांचा नुसता कडकडाट. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी बाकांची उजवी बाजू करवतीने कापून टाकायचा विचार बोलून दाखवला. अध्यक्षांनी निबंध छापायला मागून घेतला. मोठ्या बाईंनी परतताना गाडीत मला पुढे बसवलं. सायन्सवाला मागे, सामानाबरोबर.

घरी आलो तर ही म्हणाली, अहो, पोरगी आठवडाभर घरात चार वाक्यं बोलली नाही. डबा काय देऊ विचारलं तरी म्हणते, तू सांग. शाळेत तिचं करताय तरी काय? मी म्हटलं, शांत झालीय, अभ्यासाला लागलीय. पूर्वी फार प्रश्न विचारायची.

हिला शिक्षणातलं कळत नाही.

२० फेब्रुवारी
ढब्बूच्या वडिलांनी दुकानातून पेन आणून दिलं. म्हणाले, आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणीतरी मॉनिटर झालं. माझे डोळे भरून आले. योजना कुठवर पोचलीय बघा.

१९ एप्रिल
वर्षअखेरच्या चाचणीसाठी कपाटातून पुठ्ठा शोधत होतो. पुठ्ठा सापडला. त्याच्याखाली आणखी एक पुठ्ठा होता. कोपऱ्यात पेन्सिलने ब लिहिलेला. कोराच. एकही भोक नाही.

सप्टेंबरातले पेपर शोधायला लागलो.

२० एप्रिल
ब चा पुठ्ठा कापला. नव्या कात्रीने. मग सप्टेंबरातले उजवीकडच्यांचे पेपर काढून त्याखाली एकेक घातले.

सगळी ठीकठाक. काही तर उत्तम. ढब्बू तेवढा जिथे होता तिथेच. कन्या चाळीसपैकी अडतीस. अख्ख्या पहिल्या वर्षाच्या मुलांत तिच्यावर कोणी नाही.

अ च्या पुठ्ठ्याने मी ब चे पेपर तपासले. दार, कॉरिडॉर, ऱ्हास, काही काही नव्हतं. ती पहिल्या दिवशी हेच सांगत होती.

आजच्या दिवशी एवढंच लिहितो.

२१ एप्रिल
रात्रभर विचार केला आणि डोकं ठिकाणावर आलं. आत्ता बोंब मारून काय साधणार? निबंध छापून झालाय. उपमुख्याध्यापकाची निवड तोंडावर आहे. पिवळी कार्डं काढली तर पालक विचारतील का घातली होती. मुलांच्याच मनावर परिणाम होईल.

त्यापेक्षा वर्षअखेरची चाचणी येतेच आहे. या वेळी दोन्ही पुठ्ठे आधीच कापून तयार. मुलं मुळात हुशार आहेत, आपोआप वर येतील, मी म्हणेन आधार वर्गाने चमत्कार केला. कार्डं सन्मानाने उतरतील. मुलांना न्याय, मला खुर्ची. यात कोणाचं काही बिघडत नाही. मी फक्त महिनाभर गप्प बसायचं.

किती सोपं होतं. उगाच घाबरलो.

संकल्प: कन्येला सायकल घेऊन द्यायची.

२८ मे
चाचणी झाली. अ ला अ चा पुठ्ठा, ब ला ब चा. प्रत्येक पेपरवर दोनदा बघून ठेवला.

उजवीकडची मुलं खाली गेली. सगळी. या वेळी खरोखर. वर्षभर त्यांना बेरजा विचारल्या गेल्या, प्रयोगशाळा कशी असते ते त्यांना माहीत नाही. पेपर अर्धे कोरे.

कन्येचा पेपर कोरा नाही. चाळीसही प्रश्नांवर ठिपके, नीट, गोल. मार्क शून्य.

पुठ्ठा उलटा ठेवून बघितला. अ चा ठेवून बघितला. ब चाच बरोबर होता. शून्य.

२९ मे
तिला समोर बसवून विचारलं. मी आवाज चढवला नाही. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, मला जे बरोबर वाटतं ते चुकतं, हे सप्टेंबरात कळलं. म्हणून या वेळी प्रत्येक प्रश्नाला आधी मला बरोबर वाटणारं उत्तर शोधलं आणि ते सोडून दुसऱ्यावर ठिपका दिला. मार्क कमी पडले का?

आंधळेपणाने ठिपके दिले तरी दहाएक मार्क पडतात, ढब्बूला विचारा. शून्य पाडायचं तर चाळीसच्या चाळीस उत्तरं माहीत असावी लागतात.

मी तिला म्हटलं, जा, झोप.

६ जून
मोठ्या बाईंनी मीटिंग घेतली. म्हणाल्या, प्रवेश चाचणीने सप्टेंबरात जी मुलं कच्ची म्हणून दाखवली तीच नेमकी वर्षअखेर कच्ची निघाली, इतकं अचूक निदान त्यांच्या नोकरीत त्यांनी पाहिलं नाही. पुढल्या वर्षी योजना सगळ्या वर्गांना. उपमुख्याध्यापकपदी माझी नेमणूक. सायन्सवाल्यालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

गणिताच्या बाई वाजवत होत्या की नाही ते मी बघितलं नाही.

खरं सांगायचा विचार होता. पण मोठ्या बाई इतक्या खुशीत होत्या की मन धजलं नाही. पुढच्या आठवड्यात नक्की.

९ जून
नवी खोली. खुर्ची फिरती आहे. किल्ली मिळाली. पहिल्याच दिवशी आधार वर्गाची यादी सहीसाठी आली, आतली मुलं तीच, पुढच्या वर्षासाठी कायम. सही केली. नसती केली तर चौकशी झाली असती.

मोठ्या बाईंना मी काही सांगितलेलं नाही. पण माणसाने निदान घरी तरी खरं बोलावं असं मी ठरवलं.

संध्याकाळी कन्येजवळ बसलो. सायकल आणली होती ती दाखवली. मग एका दमात सगळं सांगितलं. सप्टेंबरात तू सगळ्या मुलांत पहिली होतीस, चूक पुठ्ठ्याची होती, तुझी उत्तरं बरोबर होती, परवाचीसुद्धा तुला सगळी येत होती, तू फार हुशार आहेस. स्वयंपाकघरात हिची भांड्यांची खुडबुड थांबली.

कन्येने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग माझी समजूत घातल्यासारखी म्हणाली, थँक यू, सर. शुक्रवारचं कौतुक आहे ना हे.

मी म्हटलं, अगं, आज मंगळवार आहे.

बरं, म्हणाली, आणि सायकलवर बसू का म्हणून विचारलं.