शिवडीचा थर आणि एकवीस दगड

लालबाग, मुंबई
ता. ९ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप नानामामांच्या चरणी जगदीशचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीचा खोकला कसा आहे? इकडे सर्व ठीक (म्हणजे मी सुटलो आहे).

घाबरू नका, क्रमाने लिहितो. मी कॉलेजात भूगर्भशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतो हे तुम्ही जाणताच. शिवडीच्या एका खाणीत काळ्या फत्तराच्या दोन थरांमध्ये मला गाळाचा खडक सापडला. जुन्या तळ्याचा असावा, कुठे कुठे पानांचे ठसे आहेत. अशा थराचं बारसं करायचं तर तो जिथे नीट दिसतो त्या जागेचं नाव द्यावं लागतं. शिवाय जाडी, रंग, वर काय, खाली काय, हे नमुन्यांसकट मांडावं लागतं. गेल्या महिन्यात एका सोमवारी तिथे सुरुंग लागणार होते. म्हणून त्याआधीच, शहरात चळवळीपायी दगडफेक आणि अश्रुधूर चालू असताना, मी एकवीस दगडांवर नंबर घालून, ते पिशवीत भरून, परळच्या नाक्यावरून पायी निघालो. (हसू नका. मला खरोखरच सुचलं नाही.)

चौकीत फौजदारांनी पिशवी ओतली आणि शांतपणे विचारलं, "नंबर कशाला? फेकण्याचा क्रम आहे का?"

मग त्यांनी पिशवीतली वही उघडली. वहीत माझ्याच अक्षरात होतं: 'वरचा थर फुटायला आलाय, खालचा टणक, मधल्यात दम नाही.' हे खडकांबद्दल आहे हे पटवण्यात पाच तास गेले. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "चुलीसाठी दगड नेत होतो असं लिहून द्या आणि जा." मी रडकुंडीला आलो होतो, पण ते माझ्याच्याने लिहवलं नाही. हवालदार गणपतरावांनी मग पंचनामा केला: रंग काळसर राखी, नखाने चरा उठतो, ओला केल्यास मातीचा वास, पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटतात. (मामा, चार महिन्यांत मला इतकं नेमकं लिहिता आलं नव्हतं.) ठिकाणाशी ते अडले, अँटॉप हिल की शिवडी? मी शिवडी म्हटलं.

प्रिन्सिपॉलांच्या चिठ्ठीने मी सुटलो, दगड मात्र जप्त राहिले. त्या सोमवारी खाणही उडाली. आता माझ्या थराचं वर्णन म्हणून जगात उरलाय तो पंचनामा, आणि महिनाअखेरीस विद्वानांपुढे निबंध वाचायचाय.

आपला,
जगदीश

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. खोताच्या वाडीतल्या कालिंदीच्या वडिलांनी मला पूर्वी नकार दिला होता. परवा ते स्वतः येऊन म्हणाले, "चौकीत खंबीर राहिलात." मी चळवळीसाठी आत गेलो असं त्यांना वाटतंय, आणि माझं तोंड उघडलं नाही. रविवारी बोलणी आहेत. वडीलधारे म्हणून तुम्ही या, आणि कृपा करून खडकांचा विषय काढू नका.

ता. क. २. राहवेना म्हणून कालिंदीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा त्या दिवशी पलीकडच्या कोठडीत होते. त्यांनी सगळं ऐकलंय. म्हणून तर आले." मामा, आता त्यांच्यासमोर बसू कसा? तुम्ही शनिवारीच या.